उंच पेला, बसकं फुलपात्र आणि गाइडातला तक्ता

प्रश्न : ताई, माझं वय ३६. सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी राहते. लग्नाच्या आधी डी.एड. झालं, नोकरी केली नाही. आता टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, पेपर १ द्यायचं ठरवलंय. पण बालमानसशास्त्राचा अभ्यास सुरू केला आणि झोपच उडाली. मुलांची समज कोणत्या वयात कशी वाढते, याचा पियाजेचा तक्ता गाइडात आहे. सात वर्षांनंतर मुलाला कळतं म्हणे, की भांडं बदललं तरी दूध तेवढंच राहतं. माझ्या धाकट्याला दिवाळीत सात पूर्ण झाली. त्याच्यासमोर एकाच मापाचं दूध उंच पेल्यात आणि फुलपात्रात ओतलं. म्हणाला, पेल्यात जास्त. परत विचारलं, तर म्हणाला, फुलपात्रात! जावेच्या मुलीने, जी त्याच्याच वयाची आहे, पटकन बरोबर सांगितलं. शिवाय तो बुटाची नाडी बांधतानासुद्धा स्वतःशी मोठ्याने बोलत बसतो. तो दहा महिन्यांचा असताना सासऱ्यांच्या आजारपणात मला मुंबईत राहावं लागलं. चार महिने तो माझ्या आईकडे होता, आणि मी परत आले तेव्हा माझ्याकडे यायलाच तयार नव्हता. बाळ आईपासून दूर राहिलं तर काय होतं, यावरचा बोल्बी वाचल्यापासून तेही मनाला लागलंय. मोठी दहावीत आहे. आधी फॅशन डिझायनर, मग पीएसआय, आता हॉटेल मॅनेजमेंट. दार लावून बसते. एरिक्सनचा आयुष्यातल्या टप्प्यांचा तक्ता आहे, त्यात याला 'भूमिका संभ्रम' म्हणतात. आणि चार वर्षांनी मी ज्या खान्यात जाणार, तिथे 'साचलेपण' लिहिलंय. मिस्टर म्हणतात, या वयात परीक्षा कशाला, मुलांकडे बघ. सासूबाई म्हणतात, पुस्तकं वाचून पोराला वेड लावू नकोस. अभ्यास सोडू का?

उत्तर : अभ्यास सोडू नका. हे आधीच सांगून टाकते, कारण बाकीचं उत्तर लांबणार आहे.

तुम्ही पेला आणि फुलपात्र घेऊन बसलात हे वाचून हसू आलं, कारण हा उद्योग मीही केलेला आहे. डी.एड.च्या मुलींना मी हा विषय सव्वीस वर्षं शिकवला, आणि पहिल्याच वर्षी घरी जाऊन स्वतःच्या मुलावर प्रयोग केला. तो सहा वर्षांचा होता. दोन्ही भांड्यांकडे बघून म्हणाला, "ज्यात जास्त आहे ते मी पिणार नाही." त्याला दूध आवडायचं नाही. मी विचारत होते एक, तो उत्तर देत होता भलत्याच प्रश्नाचं. त्या दिवशी मला पियाजे थोडा कळला. तोवर नुसता पाठ होता.

गाइडात तक्ता देतात, पण तो तक्ता आला कुठून हे देत नाहीत. झाँ पियाजे स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेलचा, जन्म १८९६ चा. मुळात त्याला नाद गोगलगायी आणि शंखशिंपल्यांचा, डॉक्टरेटही त्यातलीच. पुढे तो पॅरिसला गेला. बुद्धिमापन चाचणीवाल्या बिनेचं तेव्हा निधन झालेलं होतं. त्याचा सहकारी सिमाँ याने पियाजेला एक कंटाळवाणं काम दिलं. पॅरिसमधल्या मुलांना ठरावीक प्रश्न विचारायचे आणि किती उत्तरं बरोबर येतात ते मोजायचं, बस्स. पियाजेचं लक्ष मात्र चुकलेल्या उत्तरांवर अडकलं. साधारण एका वयाची मुलं एकाच तऱ्हेने का चुकतात? मग तो मुलांशी गप्पा मारायला लागला. तुला असं का वाटतं? मग असं केलं तर काय होईल? पुढे स्वतःची तीन मुलं झाली, तेव्हा पाळण्याशेजारी वही घेऊन बसला. तुमच्या गाइडातले चार खाने त्या गप्पांतून आणि वह्यांतून आलेत. म्हणजे ज्या चुकीने तुमची झोप उडवली, त्या चुकीवरच हे सगळं शास्त्र उभं आहे.

आता तुमच्या प्रयोगाकडे या. तुम्ही त्याला दोनदा विचारलंत. आपल्या कुठल्याही शाळेत जाऊन बघा. मुलाने उत्तर दिलं, बाईंनी "नक्की?" म्हटलं, की मूल उत्तर बदलतं. कारण त्याला अनुभवाने ठाऊक असतं, की उत्तर बरोबर असलं तर बाई पुढे जातात, चुकलं तरच परत विचारतात. तुमचा मुलगा पेल्यावरून फुलपात्रावर आला तो दुधाचा विचार करून नाही, तुमच्या चेहऱ्याचा विचार करून.

ही माझी पदरची थिअरी नाही. पियाजेच्या मूळ पद्धतीतही प्रश्न दोनदा येतो, एकदा ओतण्याआधी आणि एकदा ओतल्यावर. १९७४ मध्ये रोझ आणि ब्लँक या संशोधकांनी तोच प्रयोग करताना फक्त शेवटी, एकदाच विचारलं. सहा वर्षांच्या मुलांच्या चुका कमी झाल्या. त्याच वर्षी मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी गंमत केली. गोट्यांच्या किंवा सोंगट्यांच्या दोन ओळी मांडतात ना, तसला प्रयोग होता. एरवी मोठं माणूस त्यातली एक ओळ पसरवतं आणि विचारतं, आता कशात जास्त? इथे त्यांनी एका खोडकर टेडी अस्वलाला मध्ये घुसवलं. अस्वलाने येऊन ओळ विसकटली. मग विचारलं, तर चार ते सहा वर्षांची कितीतरी जास्त मुलं म्हणाली, तेवढ्याच आहेत! मोठ्या माणसाने मुद्दाम काही हलवलं, की मुलाला वाटतं, यात काहीतरी बदललं असणार, नाहीतर हा कशाला विचारतोय. अस्वलाचं काय, ते दांडगटच.

जावेच्या मुलीला तुम्ही एकदा विचारलंत की दोनदा? आठवून बघा.

राहिलं ते 'सात वर्षं'. पियाजेचा जोर क्रमावर होता, वयावर नव्हता. आधी हे, मग ते, हा क्रम पक्का. वय मात्र मुलागणिक आणि गावागणिक पुढेमागे होतं, हे तो स्वतःच सांगायचा. एकाच मुलात एकाच वेळी सगळं उजाडत नाही हेही त्याने पाहिलं होतं. मातीचा गोळा लाटून लांबट केला तरी माती तेवढीच, हे मुलाला आधी कळतं, आणि वजनही तेवढंच, हे बरंच नंतर. अमेरिकेत व्याख्यानाला गेला की लोक विचारायचे, या पायऱ्या लवकर चढवता येतील का? त्याने या प्रश्नाचं नावच 'अमेरिकन प्रश्न' ठेवलं होतं. आज तो आपल्याकडच्या एखाद्या पालकसभेत बसला असता, तर नाव बदललं असतं.

सवयीचाही भाग असतो. मेक्सिकोतल्या कुंभारांच्या मुलांना मातीच्या गोळ्याचं हे कोडं इतर मुलांच्या आधी सुटलं, असं १९६९ च्या एका अभ्यासात दिसलं. दिवसभर हातात मातीच होती त्यांच्या. तुमच्या मुलाने आजवर कधी दूध मापलंय का? ओतायला दिलं तर सांडेल म्हणून आपण देत नाही. उद्या ओटा पुसायचा आहेच असं समजून त्याच्या हातात भांडी द्या. पेल्यातलं फुलपात्रात, फुलपात्रातलं परत पेल्यात. तुम्ही विचारूच नका काही. परत ओतलं की दूध जिथे होतं तिथेच येऊन थांबतं, हे त्याला हाताने कळू दे. सात ते अकरा या खान्याचं गाइडातलं नाव 'मूर्त क्रियात्मक' आहे. मूर्त म्हणजे हेच.

वाचन, बोलणं, ऐकू येणं, सवंगड्यांत खेळणं यांत काही अडचण असती, तर मी तुम्हाला आधी वर्गशिक्षकांकडे आणि बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. तुमच्या पत्रात तसं काहीच नाही.

आता ते स्वतःशी बोलणं. मला तर तुमच्या पत्रातली सगळ्यात छान गोष्ट ती वाटली. तो नेमकं काय बोलतो ते एकदा ऐका. बहुधा असं काहीतरी असेल : "हा एक कान... हा दुसरा कान... आता बोगद्यातून... अरे सुटलं. परत कान..." पियाजेने असलं बोलणं पाहिलं होतं आणि त्याला वाटलं होतं, की हे आत्मकेंद्री बोलणं आहे, मूल चारचौघांत मिसळायला लागलं की गळून पडेल. पियाजेच्याच वर्षी, १८९६ मध्येच, आजच्या बेलारूसमध्ये जन्मलेला लेव्ह व्हायगॉट्स्की म्हणाला, गळून पडत नाही, आत जातं. मोठ्याने बोलणं पुटपुटणं होतं, पुटपुटणं मूक होतं, आणि आपण ज्याला विचार म्हणतो ते बनतं. त्याने मुलांच्या कामात मुद्दाम अडथळे आणून पाहिले, हवा तो रंग नाही, कागद नाही. लगेच हे बोलणं वाढलं. त्याने नोंदवलेला एक साडेपाच वर्षांचा मुलगा ट्राम काढत होता. चाकावर जोर दिला आणि पेन्सिलीचं टोक मोडलं. मुलगा स्वतःशीच हळूच म्हणाला, "मोडली." मग पेन्सिल ठेवून दिली, जलरंग घेतले आणि अपघात होऊन मोडलेली ट्राम काढायला लागला. एका शब्दाने चित्राची दिशा बदलली! व्हायगॉट्स्की क्षयाने १९३४ मध्ये गेला, अवघ्या ३७ व्या वर्षी. एवढ्याशा आयुष्यात या माणसाने मुलाची पुटपुट इतकी कान देऊन ऐकली, आणि आपण म्हणतो, "मनात कर रे!" त्याचं 'मन' तयार होण्याची जागा तीच आहे हो.

गाइडातला व्हायगॉट्स्कीचा 'निकट विकासाचा प्रदेश' की काय तो, घोकून डोक्यात जाणार नाही. सासूबाई नातवाला भाकरी थापायला जवळ बसवतात का? पहिल्यांदा त्याच्या हातावर हात ठेवून थापतात, मग नुसतं "कडा, कडा" म्हणतात, मग काहीच म्हणत नाहीत. एकट्याला जमत नाही, पण कोणी शेजारी बसलं तर जमतं, ती सगळी जागा म्हणजे तो प्रदेश. परीक्षेत शब्द गाइडातला लिहा, डोळ्यांसमोर भाकरी ठेवा.

बोल्बीबद्दल मात्र मला जरा राग आहे. त्याच्यावर कमी, त्याला ज्या तऱ्हेने शिकवतात त्यावर जास्त. जॉन बोल्बीने १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी अहवाल लिहिला, तो महायुद्धानंतरच्या घर नसलेल्या मुलांबद्दल. त्यात वाढत्या बाळाला काय लागतं हे सांगताना त्याने आईचा उल्लेख केला, आणि तिथेच कंसात 'किंवा आईच्या जागी कायम असणारी व्यक्ती' असंही लिहिलं. गाइडात येईपर्यंत तो कंस गळून पडतो आणि उरते ती एकटी आई, आरोपीच्या पिंजऱ्यात. स्वतः बोल्बी इंग्लंडच्या श्रीमंत घरातला, आईपेक्षा दाईकडे वाढलेला. तो चारेक वर्षांचा असताना ती लाडकी दाई घर सोडून गेली, तो घाव त्याला जन्मभर आठवत राहिला. म्हणजे बघा, त्याचा जीव जडला होता तो दाईवर.

पुढे १९६४ मध्ये शाफर आणि एमर्सन यांनी ग्लासगोमधल्या कामगार वस्तीतल्या ६० बाळांचा माग काढला. दीड वर्षाची होईपर्यंत त्यातल्या बहुतेकांना हक्काचं माणूस एकाहून जास्त होतं. बाप, आजी, शेजारीण, मोठं भावंड. आपल्या खटल्याच्या घरात वाढलेल्या कोणालाही हे सांगायला ग्लासगोला जायची गरज नव्हती, पण असो.

तुम्ही परत आलात आणि तो तुमच्याकडे आला नाही. सहा वर्षं सलणारा काटा असल्यासारखं तुम्ही ते वाक्य लिहिलंय. तो आला नाही कारण त्याने तुमच्या आईला घट्ट धरलं होतं. बोल्बी ज्याला घाबरत होता ती गोष्ट म्हणजे धरायला कोणीच नसणं. ती तुमच्या घरात घडलीच नाही. आज त्याच्या पोटात रात्री कळ आली, तर तो कोणाला हाक मारतो? त्याचं उत्तर तुम्हाला माहीत आहे, मला लिहून कळवायची गरज नाही.

मोठीकडे वळते. एरिक्सनचं स्वतःचं वळण ठाऊक असेल तर तो 'संभ्रम' शब्द इतका भयंकर वाटत नाही. एरिक एरिक्सन १९०२ मध्ये फ्रँकफर्टला जन्मला. जन्मदाता कोण हे त्याला कधी नीट कळलं नाही. सावत्र वडील ज्यू, घर ज्यू, आणि हा उंच, सोनेरी केसांचा, निळ्या डोळ्यांचा. प्रार्थनास्थळाच्या शाळेतली मुलं त्याला परका म्हणून चिडवत, बाहेरच्या शाळेतली ज्यू म्हणून. शाळा संपल्यावर कॉलेजला गेलाच नाही. चित्रकार व्हायचं म्हणून युरोपभर भटकला. विद्यापीठाची पदवी त्याने आयुष्यात कधी घेतली नाही, आणि पुढे हार्वर्डमध्ये शिकवलं. अमेरिकेत गेल्यावर सावत्र वडिलांचं आडनाव मागे टाकून स्वतःलाच 'एरिक्सन' हे नाव लावलं, म्हणजे एरिकचा मुलगा एरिक. 'आयडेंटिटी क्रायसिस' हा शब्द जगाला देणारा माणूस हा असा.

म्हणून त्याने कुमारवयाला एक सवलत दिली. ठरवायच्या आधी थोडं हिंडू द्यावं, अंगावर घालून बघू द्यावं, तो काळ फुकट गेलेला मानू नये. जेम्स मार्शिया या मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये यावर आणखी काम केलं, आणि त्यातली एक गोष्ट आपल्याकडच्या पालकांना झोंबणारी आहे. काही मुलं अजिबात गोंधळत नाहीत. सहावीपासून "डॉक्टरच होणार" म्हणतात, कारण घरात तेच ठरलंय. त्यांनी शोध न घेताच दार लावून घेतलेलं असतं. आपण अशाच मुलांचं कौतुक करतो. तुमची लेक पंधरा दिवसांनी बदलते, ती दारं उघडून आत डोकावून येतेय. पंधराव्या वर्षी हे चालू नसतं, तर मला जास्त काळजी वाटली असती.

अडचण अशी, की दहावीनंतर सरकारी अर्जात तीनच चौकटी असतात आणि त्यावर तारीख असते. शाखा निवडणं आणि आपण कोण हे ठरवणं या दोन गोष्टी तिच्यापुढे वेगळ्या करून ठेवा. "अकरावीला काय घ्यायचं ते मार्चनंतर बसून बोलू, बाकी तुझं चालू दे." आणि "काय ठरलं मग?" हा प्रश्न महिनाभर बंद. त्याऐवजी, पीएसआयमध्ये काय आवडलं होतं ते विचारा. वर्दी? गाडी? की कोणाला घाबरावं लागत नाही ते? उत्तर काहीही येवो, लगेच सल्ला देऊ नका. एरिक्सनचं नाव तर तिच्यासमोर मुळीच काढू नका. आपल्या रडण्याला आईच्या गाइडात व्याख्या आहे हे कळण्यासारखं अपमानास्पद काही नसतं. दार वाजवून आत जा. आतून "काय आहे?" असं खेकसणं आलं तरी.

गाइडातला आणखी एक मानसशास्त्रज्ञ कोहलबर्ग. माणूस बरंवाईट कसं ठरवतो याच्या त्याने सांगितलेल्या नैतिक पायऱ्या घरात कोणावर लावू नका एवढंच सांगते. त्याने त्या बांधल्या मुलग्यांवरच्या अभ्यासातून, आणि मग नाती जपणारं उत्तर खालच्या पायरीवर पडू लागलं. मानसशास्त्रज्ञ कॅरोल गिलिगन यांनी १९८२ मध्ये नेमकं तिथे बोट ठेवलं. परीक्षेत दोघांचीही नावं येतात.

आता तुमचं साचलेपण. त्या खान्यातला दुसरा शब्द तुम्ही पत्रात लिहिलाच नाहीत. साचलेपणाच्या विरुद्ध बाजूला एरिक्सनने जे ठेवलंय ते म्हणजे पुढच्या पिढीसाठी काहीतरी घडवणं, मग ती पोटची असो वा दुसऱ्याची. या वयाची त्याला इतकी ओढ, की महात्मा गांधींवर त्याने जे पुस्तक लिहिलं, ते १९१८ च्या अहमदाबादच्या गिरणी संपाभोवती गुंफलं. तेव्हा गांधीजी ४८ वर्षांचे होते. आपल्या ताराबाई मोडक तुमच्या अभ्यासक्रमात असतीलच. त्यांचा जन्म १८९२ चा, आणि बोर्डीला बालशिक्षणाचं काम उभं केलं ते १९४५ मध्ये. वयाचा हिशोब करा. माँटेसरीची महागडी साधनं परवडेनात, तर शिंपले, बिया, पानं घेतली. आदिवासी पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात, तर बालवाडीच पाड्याच्या अंगणात नेली. आज गावोगाव जी 'अंगणवाडी' आहे, तो शब्द त्या अंगणातून आलाय.

मिस्टरांना मात्र अलीकडचा खाना वाचायला द्या, वीस ते चाळीस वर्षांचा. तिथे लिहिलंय 'आत्मीयता विरुद्ध एकाकीपण'. तुम्ही दोघंही सध्या त्याच खान्यात आहात. संध्याकाळी सात ते साडेआठ तुम्ही पुस्तक घेऊन बसणार आणि मुलांचं जेवण मिस्टर वाढणार, एवढी आत्मीयता पुरे. सासूबाई तुमच्या बाजूच्या आहेत, हे तुमच्या लक्षात आलेलं नाही असं दिसतंय. "पोराला वेड लावू नकोस" हे वाक्य मला तरी पियाजेने लिहिलेल्या कुठल्याही वाक्याइतकंच पटलं. त्यांना त्या दीड तासात नातवासोबत बसवा.

आणि परीक्षेत शहाणपणा करायला जाऊ नका. बालमानसशास्त्राला १५० पैकी ३० गुण आहेत. 'मूर्त क्रियात्मक अवस्थेचा कालावधी' विचारला तर सात ते अकरा हाच गोल काळा करायचा. तिथे खोडकर अस्वल आणि मेक्सिकोचे कुंभार आठवत बसलात तर वेळ जाईल.

सकाळी शाळेच्या व्हॅनचा हॉर्न वाजतो, तो पायरीवर बसून "हा एक कान, हा दुसरा कान" करत असतो, आणि तुम्ही खाली वाकून नाडी बांधून मोकळ्या होता, बरोबर? त्याला पाच मिनिटं आधी उठवा.